आडवा आठ

बसा रणजितराव. इंदापूरहून एवढ्या उन्हाचे आलात, आधी चहा घ्या. आमचा चहावाला हल्ली एकच कप आणतो, तो तुम्हीच घ्या. लेन्स कॅमेऱ्यासकट दाखवतो, पण त्याआधी थोडं ऐकून घ्या. मग न्यायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

जुने कॅमेरे, लेन्स, चामड्याच्या केस असला माल मी विकतो. बारामतीत लोक हसतात. मोबाइलच्या जमान्यात हा भंगार पुसत बसतो म्हणतात. हसू देत. दिवाळीनंतर भवानीनगरहून निरोप आला की गंगाराम फोटोग्राफर वारले, त्यांचा कॅमेरा घेऊन जा. गेलो. साखर कारखाना सुरू होता, मळीचा वास पार घरात शिरलेला. त्यांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, ‘जय भीम’ म्हणत फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा लेन्ससकट माझ्या हातात ठेवला. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्यांच्या मुलाचा, बुद्धघोषचा हार घातलेला फोटो होता. कॉलेजात असतानाच गेला म्हणे.

“न्या दादा,” त्या म्हणाल्या. “पर लगेच इकून टाका. रोज डोळ्याला लावत बसू नका...”

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून मी मान डोलावली.

या कॅमेऱ्यात लेन्समधून बघत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर वेगळी खिडकी असते. तिच्या मधोमध पिवळट चौकोन, त्यात समोरचं सगळं दुहेरी दिसतं. लेन्सची रिंग फिरवत गेलं की दोन्ही चित्रं सरकत एकमेकांवर बसतात आणि रिंगवर अंतर कळतं. फारच लांबचं असेल तर रिंग अनंताच्या खुणेवर, त्या आडव्या आठावर जाऊन टेकते. त्याच्या पलीकडे मोजायला काही नाही.

घरी आल्यावर तपासायचं म्हणून कॅमेरा मोनालीच्या खुर्चीवर धरला. मोनाली माझी मुलगी. त्याच वर्षी उन्हाळ्यात कालव्यात पाय घसरून गेली. खुर्ची खिडकीशी तशीच आहे, माझी बायको मेघना तिथं कुणाला बसू देत नाही. खुर्चीची दोन चित्रं एक झाली, पण चौकोनात आणखी काहीतरी पुसट उरलं होतं. मी रिंग पुढं ढकलली. ती आडव्या आठावर टेकली, तेव्हा ते पुसट स्पष्ट झालं... पाठमोरी वेणी. ओली.

कॅमेरा खाली घेतला. खुर्ची रिकामी.

मेघनाला हाक मारली. तिनं बराच वेळ डोळा लावला. “मला न्हाय ओ दिसत...” म्हणाली आणि तिथंच खाली बसून रडली.

मग रोज दुपारी मी दुकानाचं शटर ओढून घरी. हळूहळू रिंग आठाच्या अलीकडे थांबायला लागली. मोनाली जवळ येतेय! तुम्हीही बाप आहात, माझं काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. वेड लागायचं तेवढं बाकी होतं. घास उतरेना, सदरे ढगळ झाले, मी हाक मारली तर माणसं वळून बघेनात. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. लेक येत होती माझी.

शेवटी मेघनानं मला ओढतच चतुराबाईंकडे नेलं. त्या बोलल्या ते मेघनाशीच.

“ह्ये पण असंच म्हणायचे. पोरगं रोज जवळ येतंय, रोज जवळ येतंय... पोरी, गेलेलं मानूस कुठं येतंय व्हय? बुद्धघोष हुता तितंच हुता. ह्येच चालत निघाले हुते.”

तरी घरी येऊन मी शेवटचं एकदा बघितलं. ऐकलं नाही मनानं. रिंग अगदी हातभर अंतरावर थांबली. मोनालीनं मान वळवली... हसली नाही हो ती. घाबरली होती. माझ्याकडे बघून नको, नको, अशी मान हलवत राहिली. पोटच्या पोरीनं दारातून परत पाठवावं आणि परतीची वाट आपल्याला ठाऊक नसावी, असं झालं माझं.

मेघनानं त्याच दिवशी तुम्हाला फोन लावला. लेन्स बांधताना रिंग आठावर नेऊन ठेवायची ही आमच्या धंद्यातली रीत, ती तिनंच पाळली, चिकटपट्टीही तिनंच लावली.

हे घ्या. नाही, तपासल्याशिवाय माल नेऊ नका. चिकटपट्टी काढा, रिंग आधी जवळच्या अंतरावर आणा. माझ्यावरच धरा. मध्ये हे काउंटर आहे तेवढंच अंतर. दोन दोन दिसतोय ना मी? आता फिरवा रिंग... अजून... अजून थोडी...

टेकली का आठावर? मग आता तरी मी एक झालो का?

रणजितराव, कॅमेरा खाली ठेवून असे इकडेतिकडे काय बघताय? मी इथंच आहे... तुमच्या समोर.