लिहू न देणारी डिस्क

हेल्मी राउतिओ ग्रंथालयात शिरली ती धावतच, आणि दाराशी बसलेल्या तरुणाच्या कॉफीत तिच्या टोपीवरचं पाणी टपटप गळलं.

त्याने कपात डोकावून पाहिलं. “बरं झालं… जरा कडकच होती.”

“सॉरी! संगणक अडला की मदत करणारे लिनक्सवाले इथेच बसतात ना?”

“इथेच. मी रोनन. बस… आणि टोपी काढलीस तर उरलेली कॉफी वाचेल.”

एरवी हेल्मीने त्याला चांगलं उत्तर दिलं असतं. पण बाहेर थंडर बे शहरातला ऑक्टोबरचा पाऊस तिरका झोडपत होता, चार वाजत आले होते, आणि तिच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. तिने लॅपटॉप उघडला आणि शेजारी एक काळी, छोटी डिस्क ठेवली.

“ही टॉकीजची डिस्क. आज संध्याकाळच्या महोत्सवातल्या सगळ्यांच्या फिल्म हिच्यावर आहेत, माझीच तेवढी राहिलीय. पाचच्या आत टाकून परत द्यायचीय. आणि हा दगड मला काही टाकूच देत नाही! सगळ्यांचं वाचता येतं, लिहायला गेलं की नाही म्हणतो.”

रोनन डिस्ककडे बघतच राहिला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून लॅपटॉपच्या पडद्याजवळ वाकला.

“हात का बांधलेस? चावते का ती?”

“आमचा नियम आहे. ज्याचा लॅपटॉप, त्याचेच हात. मी सांगणार, तू करणार. म्हणजे पुढच्या वेळी माझी गरज लागत नाही.”

“वा! गिऱ्हाईक कायमचं घालवायची छान युक्ती आहे.”

“बहुतेक वेळा मला त्याचं काही वाटत नाही,” तो म्हणाला आणि घाईने पडद्याकडे वळला.

तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास होता, आणि तो वास आपल्याला आवडतोय याचा हेल्मीला मनापासून राग आला. ही काय वेळ आहे का!

पडद्यावर एक ओळ उमटली. रोननने ती दोनदा वाचली.

“काय झालं?”

“डिस्क ठीक आहे. टॉकीजमधला विंडोजचा संगणक नीट बंद झालेला नाही. त्याला बंद हो म्हटलं की तो कधीकधी नुसती डुलकी काढतो, आणि डिस्कवर काय काय होतं ते मनात धरून ठेवतो. म्हणून लिनक्स तिच्यावर लिहायला धजत नाही.”

“मग जबरदस्तीने लिहू.”

“लिहिता येईल. पण तो जागा झाला की मनातला जुना हिशेब डिस्कवर परत मांडेल. तुझी फिल्म तर जाईलच… बाकीच्यांच्याही जाऊ शकतील.”

हेल्मीचं बोट कळेवर तसंच राहिलं. तिची पहिलीच फिल्म होती ती. बंदरावरच्या धान्याच्या कोठाराची, जे हिवाळा संपला की पाडणार होते. तिच्या बाबांचा अख्खा जन्म तिथे गेला होता. घरी कोठाराबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस त्या फिल्ममध्ये भरभरून बोलला होता, हसला होता. आज ते जुन्या सोबत्यांना घेऊन, इस्त्रीचे शर्ट घालून पहिल्या रांगेत बसणार होते. त्यांच्यासमोर पडदा कोरा राहिला तर?

तिने बोट उचललं. “नाही. दुसऱ्यांच्या फिल्म मारून माझी नको. पण आज माझी लागणार म्हणजे लागणारच. त्या संगणकाला उठवायचं, धड बंद करायचं, आणि मग लिहायचं. मला एवढंच सांग, असा अर्धवट बंद करणारा गाढव कोण?”

“गाढव नसेल गं. घाईत असेल बिचारा.”

“तुला काय माहीत?”

रोननचे कान लालबुंद झाले. “कारण… तो मीच. महोत्सवात प्रोजेक्टर मी चालवतो. काल बंदची कळ दाबली, डिस्क उपटली आणि घरी गेलो. आमच्या लिनक्सवर बंद म्हणजे बंद असतं! विंडोजला मी कित्येक वर्षांत हात लावला नव्हता.”

हेल्मीने लॅपटॉप फटकन मिटला. “लोका सांगे ब्रह्मज्ञान…”

“आपण कोरडा पाषाण. कबूल.”

“कोरडा कसला? आत्ता भिजणार आहेस. चल!”

लॅपटॉप त्याच्या जॅकेटखाली, डिस्क तिच्या मुठीत. दोघं पावसातून धावत टॉकीजच्या वरच्या खोलीत पोचले तेव्हा धापा टाकत हसत होते, आणि कशाला हसतोय हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

रोननने संगणक सुरू केला, डिस्क जोडली. हेल्मीने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“हे तुझं मशीन. तुझेच हात. आता शिफ्टची कळ दाबून धर, म्हणजे तो डुलकी काढणार नाही, आणि मग बंद कर. नीट.”

“हे तुला कुठून कळलं?”

“धावताना तूच बडबडत होतास. बोट उचलू नकोस!”

त्याने बोट उचललं नाही. दिवा विझला, पंखा थांबला. हेल्मीने डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली, फिल्म उचलून तिच्यावर टाकली… आणि हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली.

दोघंही जमिनीवरच बसले. त्याने खिशातून गुलाबी साखरेचा चेपलेला ‘पर्शियन’, म्हणजे इथला गोड पाव, काढून अर्धा तिला दिला.

“बोलला नसतास तर मला कधीच कळलं नसतं,” ती बोटं चाटत म्हणाली.

“म्हणून तर बोलावं लागलं. तू स्वतःची फिल्म सोडायला निघाली होतीस, आणि मी साधं नाव लपवायचं?”

“कबूल करताना तुझे कान किती लाल झाले होते… मला आवडले.”

“फक्त कान?”

“घाई करू नकोस. बघतेय.”

पट्टी भरली. रोननने डिस्ककडे हात नेला, तसं तिने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

“थांब! पट्टी भरली तरी आत लिहिणं चालूच असतं. आधी लॅपटॉपला सांगून सोडवून घ्यायची, मग काढायची.”

“हे मीच शिकवतो लोकांना…”

“दिसतंच आहे!”

तिने एका हाताने टाइप केलं. डिस्कचा दिवा लुकलुकला आणि शांत झाला.

“झालं आता,” रोनन हलकेच म्हणाला. “सुटली.”

“माहितीये,” हेल्मी म्हणाली. तिने मनगट मात्र सोडलं नाही. “रोनन, मला लाजत बसायला जमत नाही. तू मला आवडलास. तुझं काय?”

“माझं… तुझी टोपी माझ्या कॉफीत गळली ना, तेव्हाच ठरलं होतं.”

संध्याकाळी पडद्यावर बाबा हसले, तसे पहिल्या रांगेतले सगळे म्हातारे हसले. पडद्याबाहेरचे बाबा मात्र रुमाल शोधत होते. शेवटची नावं सुरू झाली तसा रोनन जिना उतरून खाली आला, अंधारात चाचपडत हेल्मीच्या शेजारी टेकला, आणि तिने उघडपणे त्याचा हात हातात घेतला.

बाबांनी मान वळवली. त्यांचं कुजबुजणं साऱ्या टॉकीजला ऐकू गेलं. “हेल्मी, हा कोण गं?”

“माझा आहे, बाबा,” हेल्मी म्हणाली. “पुढे बघा, तुमचं नाव येतंय.”