कोपऱ्यातली स्पेशल रूम

पटो न पटो... पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि ताई थापा मारणाऱ्यातली नाही.

रात्रबित्र नव्हती. टळटळीत दुपार होती. हॉस्पिटलचा बाळंतिणींचा वॉर्ड.

ताई आणि तिची धाकटी जाऊ, दोघींची बाळंतपणं एका दिवसाच्या फरकानं झाली. दोघींचंही सिझर. स्पेशल रूम मात्र एकच रिकामी.

"धाकटी नाजूक आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "तुला काय, कुठेही झोप लागते."

झालं! धाकटीला कोपऱ्यातली, नुकतीच रंगवून नवी केलेली खोली, मोठी खिडकी, गुलाबी पडदे. ताईला हॉलमधली खाट, तीही सिस्टरच्या टेबलासमोर. सारखे फोन, ट्रॉल्यांचा खडखडाट.

टाके पोटावर होते, पण ताईच्या पोटात दुखत होतं ते वेगळंच.

भेटायची वेळ संपली. सासूबाई जेवायला घरी गेल्या. रडून दमलेली लेक पाळण्यात झोपली. ताईचा डोळा लागणार, तोच...

पायथ्याशी कुणीतरी उभं होतं.

हॉस्पिटलचा गाऊन. पांढराफटक चेहरा. नजर ताईवर नाही... सिस्टरच्या टेबलावर.

"नशीबवान आहेस," ती बाई म्हणाली. "हाक मारली की येतात."

"तुम्ही कुठल्या?"

"कोपऱ्यातल्या खोलीतली. खूप हाका मारल्या गं मी..."

तिनं ताईच्या गादीवरून हात फिरवला. हावरटासारखा.

"हेवा वाटतो तुझा."

ताई चमकली. ती खोली तर धाकटीची. आणि तिथे खाट एकच!

पापणी लवली... बाई नव्हती. सिस्टरनं फोनवरून मानही वर केली नव्हती.

ताई टाके दाबत उठली. कॉरिडॉर, वळण, आपोआप मिटणारं जाड दार. मग दुसरं. ते मिटलं...

आणि वॉर्डचा आवाज तुटलाच.

धाकटीच्या खोलीवरचा लाल दिवा पेटलेला होता. वळणाआड. टेबलावरून तो दिसणंच शक्य नव्हतं. बेल इथेच वाजत होती, इथेच विरत होती.

आत धाकटीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

सगळं चादरीवर होतं.

"ताई... कधीची दाबतेय बेल..."

ताई ओरडली. कुणी आलं नाही. मग दोन्ही दारं खांद्यानं ढकलत ती धावत सुटली. डॉक्टर, सिस्टर पळत आल्या. स्ट्रेचर वळणावर अडकलं, शेवटी धाकटीला चादरीतच उचलून नेलं.

वाचली. थोडक्यात.

ताईनं टेबलावरच्या म्हाताऱ्या सिस्टरला त्या बाईचं वर्णन सांगितलं. सिस्टरचा चेहरा उतरला.

"तुझ्यापाशी कोणीच आलं नव्हतं गं," एवढंच म्हणाली. ती खोली मात्र पुढे कुणाला दिली नाही.

ताई खाटेशी परतली...

पाळणा रिकामा.

लेक खाटेवर होती. नीट गुंडाळलेली. शेजारी गादीत खड्डा, कुणी कुशीवर निजून गेल्यासारखा... गारगार.

ताईला तोवर दूधच उतरलं नव्हतं. पोर भुकेनं कळवळत होती. त्या संध्याकाळी मात्र पाजायला घेतलं तरी तिनं तोंड उघडलं नाही. पोट टम्म. ओठांच्या कडेला दुधाचा थेंब...

लेक आता शाळेत जाते, ठणठणीत आहे. तरी दुपारी ताई तिला एकटी झोपू देत नाही.

"माझी जाऊ वाचवली तिनं, हात जोडते मी," ताई म्हणते. "पण माझ्या लेकीला पहिलं पोटभर दूध तिनं पाजलं गं... ते अजून सहन होत नाही."