नदी कुठे हलते?

“बावीस इंच,” औषधवाले काका म्हणाले. त्यांनी टेप उचलला, परत लावला आणि चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचला. “बावीसच. काल चौदा होते.”

“काल चुकीचं वाचलं असशील,” मामा म्हणाला.

“वहीत लिहून ठेवलंय. काल नदीचा उतार माझ्या घोडदळापासून चौदा इंचांवर होता, आज बावीसवर. माझं घोडदळ कालपासून जागचं हललेलं नाही. मग हललं काय?”

टेबलाशी उभी असलेली इंची, तुफान आणि गोळी ही तिन्ही मुलं एकदम नदीकडे बघायला लागली. नदी निळीशार, गुळगुळीत, लाकडाची. ती काय हलणार?

सुट्टीत इंची मामाकडे आली होती. ती बारा वर्षांची होती आणि तिच्या खिशात कायम एक छोटा टेप असायचा, म्हणून वर्गाने तिचं नाव इंची ठेवलं होतं. मामा घड्याळं दुरुस्त करायचा. समोरच्या औषधाच्या दुकानातले काका त्याचे वीस वर्षांचे मित्र. दर सुट्टीत दोघं वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक मोठी लढाई मांडायचे. बोटाएवढे शिपाई, हिरव्या कापडाखाली पुस्तकं ठेवून केलेली टेकडी, आणि मामाने रंगवलेली लाकडी तुकड्यांची नदी. सोमवार ते शनिवार रोज चार वाजता लढाई पुढे सरकायची. खेळ थांबला की सगळं पेटीत जायचं आणि दुसऱ्या दिवशी पाळीपाळीने दोघांपैकी एकजण ते पुन्हा मांडायचा.

नियम इंचीला पहिल्याच दिवशी पाठ झाले. एका फेरीत पायदळाने सहा इंच चालायचं, घोडदळाने आठ. पण नदी आडवी आली की हिशेब बदलतो. खोल पाण्यात कोणी उतरायचं नाही. तोफा फक्त पुलावरून न्यायच्या. शिपाई आणि घोडे उतारावरून, म्हणजे जिथे पाणी गुडघाभर आहे तिथून, पलीकडे जाऊ शकतात. पण एक पूर्ण फेरी पाण्यातच जाते आणि तेवढ्यात कोणी हल्ला केला तर मुकाट्याने सोसायचा.

“नदी हा टेबलावरचा तिसरा सेनापती आहे,” मामा म्हणायचा. “आणि तो कोणाच्याच बाजूचा नसतो.”

चौदा इंच म्हणजे घोडदळाला उतार गाठायला दोन फेऱ्या. बावीस म्हणजे तीन. त्या एका जादा फेरीत मामाच्या तोफा पूल ओलांडून मोकळ्या होणार होत्या.

“आज मांडणी तुझी होती,” मामा म्हणाला. “नदी तूच ठेवलीस.”

“भिंतीवरच्या फोटोत बघून अगदी तशीच ठेवली. मग मी चहा आणायला गेलो. तेव्हा खोलीत तू एकटा होतास.”

मामाच्या हातातली तोफ तशीच राहिली. त्याचे कान लाल झाले होते.

बुधवारी मांडणीची पाळी मामाची होती. काकांनी आल्या आल्या टेप लावला. चौदा.

“काल मी बोललो म्हणून आज गपचूप परत सरकवलास,” काका म्हणाले.

“वीस वर्षं खेळतोय आपण. फासा पुस्तकाला टेकून कलला तरी मी पुन्हा टाकतो. आणि तू मला हे म्हणतोस?” मामाने टेबलावरचे शिपाई एकेक करून पेटीत ठेवायला घेतले. “रविवारी ही पेटी शाळेला देऊन टाकतो. झालं खेळून.”

काका वही तिथेच सोडून बाहेर पडले. दारातून त्यांनी फक्त मुलीला हाक मारली, “गोळी, चल. त्यांच्याकडे जायचं नाही आता.”

गुरुवारी गोळी गेली नाहीच. ती वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसली.

“बाबांनी ‘त्यांच्याकडे’ जायचं नाही म्हटलंय. पायऱ्यांचं काही बोलले नाहीत,” ती म्हणाली.

“वकील हो तू मोठी झाल्यावर,” तुफान म्हणाला. तो मामाचा मुलगा. बसायच्या आधी तो दोनदा पायऱ्या उतरून चढून आला होता. “माझा संशय शिवणवाल्या बाईंवर आहे. सकाळी त्याच टेबलावर त्यांचा वर्ग असतो.”

“पण त्याआधीच तुकडे पेटीत गेलेले असतात,” इंची म्हणाली. “मी विचारलं. त्या पेटीला हात लावत नाहीत.”

“मग भूत.”

“भुताला घोडदळाशी काय घेणं?” गोळी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “माझे बाबा खोटं बोलत नाहीत.”

“माझेपण नाहीत,” तुफान म्हणाला. तो पहिल्यांदाच नीट बसला.

इंचीच्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. दोघंही खरं बोलत असतील, तर नदी खरंच हलली होती. शिवाय आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. मंगळवारी ती नदी बघताना तिला कसंतरी झालं होतं, जिन्यात एक पायरी चुकल्यासारखं. सोमवारी तसं झालं नव्हतं, बुधवारीही नाही. का, ते काही केल्या सापडत नव्हतं.

“शिपायांच्या जागा रोज वहीत लिहितात ना?” तिने विचारलं.

“हो, टेबलाच्या कडेला आकडे आहेत, त्यावरून,” गोळी म्हणाली.

“आणि नदीची?”

तुफान हसला. “नदी कशाला लिहायची? जे हलतं ते लिहायचं. नदी कुठे हलते? तिचा एक फोटो आहे, बस.”

“मग ती आपणच मांडून बघू,” इंची म्हणाली.

शुक्रवारी दुपारी वाचनालयवाल्या काकूंनी खोली उघडून दिली. नदीचे अकरा तुकडे होते. दहा वाकडे, ते एकाच पद्धतीने एकमेकांत बसायचे. एकच सरळ होता, फूटभर लांबीचा, आणि त्याच्या एका टोकापाशी उतार रंगवलेला. आधी तुफानने मांडली, मामाच्या बाजूने. चौदा. सगळं ठीक.

“आता मी,” म्हणत गोळी पलीकडे, तिच्या बाबांच्या जागी गेली. फोटोकडे बघत, जीभ दातांत धरून तिने एकेक तुकडा बसवला. टेप लावायच्या आधीच इंचीला पुन्हा तसंच झालं. पायरी चुकली.

“बावीस,” तुफानने वाचलं. “गोळे, काय केलंस तू?”

“काही नाही! फोटोत उतार डाव्या हाताला आहे, मी डाव्या हाताला ठेवला.”

“पण फोटो मामाच्या बाजूने काढलाय,” इंची सावकाश म्हणाली. “तू समोर उभी आहेस. वाकडे तुकडे आपोआप बरोबर बसले, चुकीच्या बाजूने ते बसतच नाहीत. सरळ तुकडा मात्र दोन्हीकडून बसतो.”

तुफानने तो तुकडा उचलून फिरवला; तसाही तो चपखल बसला.

“म्हणजे मंगळवारी उतार बाबांनीच हलवला,” गोळी म्हणाली. “आणि त्यांना माहीतच नाही.”

“आपण सांगितलं तर म्हणतील, मी इतका वेंधळा नाही,” तुफान म्हणाला. “आणि खरी बाजू कुठली, यावरही वाद घालतील.”

इंचीचं लक्ष नव्हतं. ती नदीवर रंगवलेल्या दगडांकडे बघत होती. प्रत्येक दगडाला मामाने पांढऱ्या फेसाची एक बारीक शेपटी काढली होती. एकदम ती उठून अंगणातल्या नळाकडे पळाली. तिने नळ सोडला, वाहत्या पाण्यात एक खडा ठेवला आणि उकिडवी बसली. फेसाची शेपटी खड्याच्या मागे, पाणी जिकडे जात होतं तिकडे लांबत गेली. तिने खडा फिरवून पाहिला. शेपटी तिकडेच.

“सापडलं,” ती म्हणाली. तिचे दोन्ही बूट ओले झाले होते.

शनिवारी चार वाजता मामा पेटी न्यायला आला आणि काका आपली वही न्यायला. कोणी कोणाला बोलावलं, हे तुफान आणि गोळीलाच ठाऊक. एकमेकांना बघून दोघंही दारातच थबकले.

“काका, जायच्या आधी एकदा नदी मांडून द्याल?” इंचीने विचारलं. “मला फोटो हवाय.”

मुलांवर कसलं चिडणार? काकांनी आपल्या नेहमीच्या बाजूला जाऊन, फोटोकडे बघत अकरा तुकडे बसवले. मामा खिडकीबाहेर बघत राहिला.

“पाणी कुठून कुठे वाहतं, ते बोटाने दाखवाल?”

“टेकडीकडून पुलाकडे. हे काय विचारणं झालं?” काकांनी बोट नदीवरून फिरवायला सुरुवात केली. “हे बघ, दगडामागे फेस, म्हणजे पाणी इकडे. पुन्हा दगड, पुन्हा इकडे. आणि इथे…”

बोट सरळ तुकड्यावर थांबलं. तिथल्या सगळ्या शेपट्या टेकडीकडे वळल्या होत्या. बाकीची नदी पुलाकडे वाहत होती आणि हा एक फूट माघारी फिरला होता.

मामा खिडकीपासून टेबलापर्यंत आला. “तो उलटा ठेवलायस,” तो म्हणाला.

“आत्ता, तुझ्यासमोर ठेवलाय,” काका हळूच म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. “आणि मंगळवारीही मीच.” ते खुर्चीत बसले. “काय काय बोललो रे मी तुला.”

“त्या शेपट्या मी रंगवल्यात,” मामा म्हणाला. “मंगळवारी तासभर समोर होत्या. मी नुसता पुलाकडे बघत बसलो.”

“बाबा, तुम्ही दोघंही सारखेच आहात,” तुफान म्हणाला. कोणी त्याला दटावलं नाही.

“हे कोणी शोधलं?” काकांनी विचारलं. दोन बोटं इंचीकडे वळली. काकांनी आपली जाड वही तिच्यापुढे सरकवली. “आजपासून जागा तू लिहायच्या. पहिल्या ओळीत नदी.”

“आणि नळ बंद करत जा,” दारातून काकू म्हणाल्या. “अंगणात तळं झालंय. पण पोरी, डोकं छान चालवलंस.”

सोमवार संध्याकाळच्या जागा वहीत होत्याच. तिथूनच लढाई पुन्हा मांडली. मामाने सरळ तुकडा फिरवला, पाणी सरळ वाहायला लागलं आणि इंचीची चुकलेली पायरी जागेवर आली.

पहिली चाल काकांची. “उतार किती लांब?” त्यांनी विचारलं.

“चौदा,” मामा म्हणाला आणि टेप पुढे केला.

काकांनी तो घेतला नाही. त्यांनी घोडेस्वार उचलले. “तू चौदा म्हणतोस ना? मग चौदा.”

इंचीचा हात सवयीने खिशातल्या टेपकडे गेला होता. तिने तो तसाच रिकामा बाहेर काढला आणि वही उघडली.