बेसिनमध्ये ओतलेलं उत्तर

“अकरा वर्षं मी एक वस्तू शोधत होते आणि रोज संध्याकाळी तीच बेसिनमध्ये ओतून देत होते. ओळख पाहू, काय ते?”

कुमुदआजीची ही खोड जुनीच. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हिला कोडी सुचत होती! सन २०६१ चालू होतं. तिच्या प्रयोगशाळेत चिंगू यंत्रमानवाच्या हातात माझ्या बाबांच्या रक्ताची नळी होती. बाबांच्या नाकामागे, घशाच्या वरच्या टोकाला कर्करोग झाला होता. उपचार संपले होते. तो खरंच गेला का, ते आज कळणार होतं. बाबा बाहेर बाकावर बसून उगाच चष्मा पुसत होते.

चिंगूने नळी यंत्रात गरगर फिरवली. लाल पेशी खाली बसल्या, वर रक्तद्रव (पिवळसर पाणी) उरलं.

“हेच ते!” आजी म्हणाली. “कर्करोगाची खूण शोधताना आमचं सगळं लक्ष पेशींवर. हे पाणी निरुपयोगी म्हणून ओतून द्यायचो. काखेत कळसा नि गावाला वळसा!”

“पण त्यात असतं काय?”

“बाबांच्या आजाराशी एक विषाणू जोडलेला आहे. तो बहुतेक सगळ्यांच्या शरीरात जन्मभर गुपचूप झोपून असतो. फार थोड्या माणसांत, इतर कारणंही जुळून आली, तर त्याच्यामुळे पेशी बेबंद वाढतात. त्या मरून फुटल्या, की विषाणूच्या डीएनएचे (सूचना साठवणाऱ्या धाग्याचे) तुकडे या पाण्यात सांडतात. चोरून चिवडा खाल्लास की फ्रॉकवर पोहे सापडतात ना, तसं. अशा खुणेला बायोमार्कर (आत काय चाललंय ते सांगणारी खूण) म्हणतात.”

चिंगूने भिंतीवर चित्र उमटवलं. उपचारांआधीच्या थेंबात तुकड्यांचे असंख्य निळे ठिपके लुकलुकत होते. मग आजचा थेंब आला. अख्खी भिंत काळी. एकही ठिपका नाही! इतकं सुंदर शून्य मी कधीच पाहिलं नव्हतं.

“तपासत मात्र राहायचं हं, ओवी,” आजी म्हणाली.

मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. ते रडायलाच लागले. मी त्यांना हात धरून आत आणलं, तर चिंगू उरलेलं रक्तद्रव बेसिनकडे नेत होता.

“थांब!” मी ओरडले. “त्यात अजून काय काय असेल, आपल्याला कुठे ठाऊक आहे? बाबा, ठेवू ना?”

बाबांनी मान डोलावली. आजी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने एक कोरी चिठ्ठी आणि स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं. मी तारीख लिहिली, चिठ्ठी नळीवर चिकटवली आणि नळी शीतपेटीत ठेवली.