टेबलाची चौथी बाजू

मेकॅनिक लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या वर-खाली जाण्याची सोय करून झाली की घरी येऊन तो आडवा व्हायचा आणि टीव्ही लावायचा. सहा ते अकरा. बातम्या, मालिका, त्या मालिकेत काल काय झालं हे सांगणारा वेगळा कार्यक्रम, आणि मधल्या जाहिराती. जाहिराती मुंगीला तोंडपाठ होत्या. मुंगी म्हणजे त्याची आठ वर्षांची मुलगी. शाळेत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? मुंगीने बारा नावं सांगितली. आई-बाबा अकराव्या आणि बाराव्या नंबरवर होते.

बाईंची चिठ्ठी आली. मेकॅनिकची बायको औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. तिने चिठ्ठी दोनदा वाचली.

“एकदम बंद केलं तर उलटेल,” ती म्हणाली. “डोस हळूहळू उतरवायचा. आठवड्याला एक तास. आधी सात ते आठ.”

“आणि सात ते आठ करायचं काय?”

“बोलायचं.”

“कोणाशी?”

बायकोने चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. मेकॅनिकने गुपचूप प्लग काढला.

पहिला आठवडा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखा गेला. तिघं जेवणाच्या टेबलाशी बसायचे आणि एकमेकांना बघून ओशाळायचे. मग हळूहळू जीभ सैल झाली. कोणीच आत नसलं की लिफ्टला कंटाळा येतो का, असं मुंगीने विचारलं, आणि मेकॅनिकने अर्धा तास गंभीरपणे उत्तर दिलं. हसू यायच्या आधी मुंगी नाक चोळते, हे त्याला आठ वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. पाचव्या आठवड्यात टीव्ही पूर्ण बंद झाला.

सहाव्या आठवड्यात त्याच्या लक्षात आल्या खुर्च्या.

टेबल चौकोनी होतं. टीव्हीकडे पाठ होईल अशा बाजूला कोणी बसत नव्हतं. तीन माणसं, तीन बाजू, त्यात काय विशेष? पण एकदा मेव्हणा जेवायला आला. चौथ्या बाजूला मांडलेली खुर्ची त्याने आपण होऊन उचलली आणि बहिणीशेजारी घुसवली. दोघांची कोपरं एकमेकांना लागत होती. तसेच जेवले. चौथी बाजू मोकळी.

मग बोलणं बदललं.

“अरे, आज आमच्या दुकानात,” बायको म्हणाली, “जिथे मी नऊ वर्षं नोकरी करते आहे...”

“मला माहीत आहे तू कुठे नोकरी करतेस.”

ती थबकली. “हो की. मग मी कोणाला सांगितलं?”

आणि तिघांनी आळीपाळीने एकमेकांकडे बघितलं. आधी त्याने तिच्याकडे, मग तिने मुंगीकडे, मग मुंगीने त्याच्याकडे. घाई न करता, प्रत्येकाला पुरेसा वेळ देऊन.

मेकॅनिकच्या पिशवीत तापमान मोजायची बंदूक असायची. लिफ्टची मोटर किती तापली हे ती लांबून सांगते. टीव्हीचा प्लग कित्येक दिवस निघालेला होता. खोली सत्तावीस अंश. टीव्हीची काच तेहतीस. त्याने सेल बदलून पुन्हा मोजलं. तेहतीस.

दुसऱ्या दिवशी त्याने टीव्ही खाली वॉचमनच्या केबिनमध्ये नेऊन दिला. संध्याकाळी सात वाजता नुसत्या भिंतीवर बंदूक धरली. टीव्ही होता तेवढाच चौकोन, तेहतीस. एक बोट बाहेर, सत्तावीस.

“भिंतीला ताप आलाय म्हणतोस?” बायको हसली. “गोळी देऊ?” पण तिने चौकोनावर तळवा टेकवला, सावकाश काढून घेतला आणि ओढणीला पुसला.

मेकॅनिक रोज सव्वासातला आकडा लिहायला लागला. गळक्या नळावरून भांडण झालं त्या दिवशी छत्तीस. मग शांत दिवस आले. कोडी, पुस्तकं, मुंगीचा गृहपाठ. एकतीस. एकोणतीस. बिघाड आपोआप निघतोय म्हणून तो खूश झाला.

ज्या दिवशी सत्तावीस आलं, त्या दिवशी सगळे वाचत बसले होते. आठला त्याने मान वर केली. टेबलावर दोनच पुस्तकं होती.

मुंगी आतल्या खोलीच्या दारामागे उभी होती. हात दोन्ही बाजूंना सोडलेले.

“काय गं, काय करतेस इथे?”

“काही नाही बाबा. मला आज काही कामच नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी बायकोने दोन ताटं घेतली. मुंगी समोरच बसलेली. बायकोने तिच्याकडे बघितलं, ओळखीच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवू नये तसं, आणि मग चटकन तिसरं ताट आणलं. “माझं लक्ष कुठे असतं हल्ली!” ती म्हणाली.

मेकॅनिकने लिहिलेले आकडे पुन्हा पाहिले: आकडा उतरत गेला होता तशी मुंगी विसरली जात होती. त्याला मोटरींचं एक माहीत होतं. भार नसला की मोटर थंड पडते. भार टाकला की तापते. त्याने भार टाकला.

“मीठ किती घातलंयस,” तो म्हणाला. मीठ अगदी बेताचं होतं.

बायको उसळली. तोही उसळला. चौतीस. मुंगीने नाक चोळलं आणि हसली. बायकोने भांडता भांडताच, न बघता, तिच्या ताटात वाढलं.

पण तेच भांडण परत चालत नसे. मीठ दुसऱ्यांदा एकोणतीसवर थांबलं. मेव्हण्याच्या उधळेपणाने एकदा पस्तीस गाठलं, पुन्हा काढला तर तीस. मेकॅनिकने यादी केली. एकेक मुद्दा वापरून खोडला. दोन आठवड्यांत एकच मुद्दा उरला. तो त्याने लिहिलाच नव्हता.

बायकोच्या वडिलांचं शेवटचं आजारपण. औषधं तीच द्यायची. आपल्या हातून एकदा दुप्पट डोस गेला असेल का, ही शंका तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती.

त्या दिवशी आकडा पुन्हा सत्तावीस होता. बायकोने मुंगीच्या गालाला हात लावला.

“गोड आहे रे,” ती त्याला म्हणाली. “कोणाची?”

मेकॅनिक म्हणाला, “स्वतःच्या बापाला डबल डोस देणारी बाई पोटच्या मुलीला काय ओळखणार?”

चव्वेचाळीस.

बायकोचा चेहरा पांढरा पडला. मग तिने मुंगीकडे बघितलं आणि ओळखलं. तिला घट्ट धरून ती खूप वेळ बसली. मग उठून बॅग भरली.

“हिला उद्या न्यायला येते,” ती म्हणाली. दारात क्षणभरही थांबली नाही. भिंतीकडे बघितलं नाही. नीट, साधी, घरातून निघून जाणाऱ्या बाईसारखी गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन लागला नाही. दुकानात विचारलं तर म्हणाले, आहेत की, कामात आहेत.

सात वाजता कुलपात किल्ली फिरली.

आत आलेली बाई बायकोपेक्षा चार बोटं उंच होती. हनुवटीवर तीळ. आवाज जाडसर. तिने पर्स खुंटीला लावली, हात धुतले आणि बायकोच्या खुर्चीत बसली.

“अरे, काय गर्दी होती आज दुकानात!”

“आई!” मुंगी धावत जाऊन तिला बिलगली.

बाईने आधी मुंगीकडे बघितलं. मग मुंगीने मेकॅनिककडे. मग बाईनेही.

आता पाळी मेकॅनिकची होती.

खोलीत काहीच हलत नव्हतं.

मुंगी तशीच हसत राहिली. फक्त भिंतीकडून दिसणार नाही इतकी मान वळवून, ओठ न हलवता, हळूच म्हणाली,

“बाबा, बोल ना. बघणारे थांबलेत सगळे.”