सात नंबरचं छत

सकाळचा चहा झाला की आसाराम कोपऱ्यातली काठी घ्यायचा आणि घराचं छत ठोकून बघायचा. आधी दोन हलके ठोके, मग एक जोराचा. स्लॅब चार वर्षांपूर्वीचा. गिलावा कुठं फुटला नव्हता, पावसाळ्यात गळत नव्हता. तरी तो रोज ठोकायचा. तिकडं विदर्भातल्या एका कोळसा खाणीत सव्वीस वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. कामगारांची पाळी आत जायच्या आधी बोगद्याचं छत ठोकायचं. टण वाजलं तर पक्कं. भद वाजलं तर वरचा थर सुटलेला. तिथं लाकडी टेकू लावायचा आणि मगच माणसं आत सोडायची.

सुट्टीवर घरी आला तरी ठोकायचा, आणि बायको, सारजाबाई, त्याला हसायची. "आवो, घर हाय ह्ये, खाण न्हाई. किती बडवताल त्याला?"

ती जाऊन आठ महिने झाले होते, खाणही तेव्हाच सुटली होती. आता कुणी थांबवणारं नव्हतं, म्हणून तो जरा जास्तच वेळ ठोकायचा.

वस्ती युसूफ वडगावपासून दीड कोसावर. वीस-बावीस घरं, मधून जाणारी बैलगाडीची वाट, वाटेच्या टोकाला कोरडा नाला. जमीन वरून काळी आणि हातभर खाली नुसता पाषाण. इथं विहीर खणायची तर सुरुंग लावावे लागतात.

एप्रिलातल्या एका गुरुवारी शेजारच्या छबुबाईचा अभिमन्यू खाणीवरून घरी आला. त्याला आसारामनंच तिथं लावलं होतं, ठोकायलाही त्यानंच शिकवलं होतं. सणवार नसताना पोरगं आलेलं बघून छबुबाई दारातच म्हणाली, "घ्या भावजी, तुमचा चेला. नवरी बघाया बोलावलं तर येत न्हाई, आन् आज आपला आपण आलाय."

अभिमन्यू हसला नाही. आसारामच्या ओसरीवर येऊन बसला.

"काका, आमा पाच जणांना बाहेर बसवलंय. सात नंबरचा बोगदा परत चालू करायलेत. आमी छत ठोकलं. समदं भद वाजतंय. आमी अर्ज दिला की आत जाणार न्हाई. तर खाणीचा सायब म्हणतो, आसाराम मिस्त्रीची सही हाय. बंद व्हायच्या आधी त्यानं चाळीसच्या चाळीस टेकू तपासलेत, तुमी काल आलेली पोरं काय शिकवताय?"

आसाराम काठीचं टोक अंगठ्यानं पुसत राहिला.

"तुमी एकदा सांगा, काका. सरकारी तपासणीच्या सायबाचा नंबर हाय माज्याकडं. तुमचा शब्द मानतील ते. म्हणा, की आता छत बिघडलं असंल."

"बघू," आसाराम म्हणाला.

छत आता बिघडलं, असं आसाराम कसं म्हणणार? ते तेव्हा कसं होतं, हेच त्याला माहीत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी, तपासणीच्या दिवशी, सात नंबरच्या तोंडाशी त्याला वरून निरोप आला होता. गावाकडून, केजच्या दवाखान्यातून फोन होता, बाईचं काही खरं नाही, लगेच या. त्यानं काठी भिंतीला टेकवली, एकाही टेकूजवळ न जाता चाळीस टेकूंपुढं 'ठीक' लिहिलं, सही केली आणि वर आला. तो केजला पोचला तेव्हा सारजाबाईचं तोंड झाकलेलं होतं. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. सगळे म्हणायचे, बिचारा धावत आला.

शुक्रवारी सकाळी त्यानं सवयीनं छत ठोकलं. टण. बाहेर पडताना काठी उंबऱ्याच्या दगडाला लागली.

भद.

त्यानं पुन्हा ठोकलं. उंबरा म्हणजे एक अखंड काळा दगड, चौघांनी उचलून बसवलेला. भद. दाराबाहेर दोन पावलांवर भद. डावीकडं सरकला तर टण, उजवीकडं सरकला तर टण. मधला बारा फुटांचा पट्टा तेवढा पोकळ वाजत होता.

दिवसभर तो त्या पट्ट्यामागं गेला. छबुबाईच्या गोठ्यावरून, हापशाजवळून, वाटेनं. छत्तीस पावलांवर पट्टा काटकोनात डावीकडं वळला, पुढं थोडा चढला, मग सरळ नाल्यापर्यंत गेला. नाल्यात उघडा पाषाण होता. तोही भद वाजला. हे वळण, हा चढ तो डोळे मिटून चालला असता. हा सात नंबर होता. खाण इथून दिवसभराच्या वाटेवर होती.

छबुबाई हापशावरून ओरडली, "काय हरवलं का भावजी? का जमिनीचा ताप बघायलाव?"

शनिवारी विठ्ठलराव आला. तालुक्यातली पोरं खाणीच्या ठेकेदाराला तोच पुरवायचा. पांढरे कपडे, हातात दोन फोन. बसलाही नाही.

"आसाराम, पोरगं कायबाय बोललं असंल तुला. मी समजावलंय त्याला. त्यानं माफी लिहून दिली, आज माघारी गेला बी. सोमवारी सकाळच्या पाळीला समदे आत जाणार."

"छत कच्चं हाय म्हणतेत."

"तुजी सही हाय ना बे तिथं? मग तूच खोटा का?" विठ्ठलराव हसला. "सव्वीस वर्षांचं नाव हाय तुजं. बाईच्या माघारी आता तेवढंच तर ऱ्हायलंय. कावून घालवतो?"

रविवारी दुपारी दोनला वस्ती उन्हानं चिडीचूप झाली. कुत्रीसुद्धा गोठ्यात शिरली होती. आसाराम नाल्याजवळ उभा होता. त्यानं काठी उचलली, पण ठोकली नाही. कारण ठोका आधीच ऐकू आला होता.

खालून.

दोन हलके, एक जोराचा.

मग पाच पावलं पुढं, वस्तीच्या बाजूला, पुन्हा तसेच. दोन टेकूंमध्ये पाच पावलांचंच अंतर असतं. खाली कुणीतरी एकेका टेकूजवळ थांबून छत तपासत होतं. घाई नव्हती. सरावही नव्हता, जोराचा ठोका दर वेळी जरा चुकून पडायचा, काठी जड झाल्यासारखा. आणि प्रत्येक ठोका भद येत होता.

आसाराम वरून त्याच्याबरोबर चालू लागला. थांबावं असं वाटत होतं, पण पाय थांबत नव्हते. तो मोजत होता. अकरा. बारा. चढ उतरला. वळणापाशी बत्तीस झाले. हापशाजवळ पस्तीस. त्याच्या लक्षात आलं, हे चाळीसला कुठं पोचणार.

अडतीस छबुबाईच्या गोठ्याखाली वाजला. आतली म्हैस एकदम उठून उभी राहिली आणि खुंट्याला ओढ घेऊ लागली.

एकोणचाळीस त्याच्या दारासमोर.

तो उंबरा ओलांडून आत गेला. मधल्या खोलीत सारजाबाईची रिकामी बाज होती. चाळीसावा ठोका त्या बाजेखाली वाजला. फरशीवरचं पाण्याचं तांब्याभांडं हललं.

मग काहीच नाही. पण खालचं कुणी गेलं नव्हतं. चाळीस टेकू तपासले की काय करायचं असतं, ते आसारामला माहीत होतं. नोंद करायची असते. खालचं ते त्यासाठीच थांबलं होतं.

त्यानं अभिमन्यूला फोन लावला.

"त्या सायबाचा नंबर दे."

"आता काय उपेग, काका? मी लिहून दिलंय, सकाळी आत—"

"नंबर दे म्हणलं ना."

तपासणीचे साहेब फोनवर शांतपणे ऐकत होते. आसारामनं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. म्हणाला, "सात नंबरचं छत मी तपासलं न्हाई, सायब. एक टेकू बी ठोकला न्हाई. बायको मरायला टेकली व्हती, म्हणून खोटी सही केली. ती पाच पोरं खरं बोलतेत. मी कुटं बी येऊन सांगतो."

साहेबांनी नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं. मग साहेब म्हणाले, "लेखी पाठवा. मी येईपर्यंत तिथं कोणी आत जाणार नाही."

त्यानं कागदावर लिहिलं, सही केली. छबुबाईनं त्याचा फोटो काढून पाठवला. वाचून तिनं पदर तोंडाला लावला. "भावजी, ह्ये एवढं पोटात घेऊन बसलावतात व्हय?"

संध्याकाळी विठ्ठलरावाचे सात फोन येऊन गेले. आसारामनं उचलले नाहीत.

सोमवारी साडेदहाला अभिमन्यूचा फोन आला. मागं लोकांचा गलका होता.

"काका, सात नंबरचं छत बसलं! पार तोंडापासून शेवटापतोर. तासाभरापूर्वी."

"आत?"

"कुणी न्हाई. आमी समदे वर. तपासणीच्या सायबांनी दोनदा माणसं मोजली, टोपीचे दिवे मोजले. कुणीच न्हाई आत, काका."

छबुबाईनं रडत रडत त्याच्या हातावर साखर ठेवली आणि वस्तीत सांगायला धावली.

आसारामनं काठी घेतली. नाल्यातला पाषाण ठोकला. टण. वळण, हापसा, गोठा. टण. उंबरा. टण. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो मधल्या खोलीत आला आणि बाजेवर बसला.

तेव्हा खालून ठोके आले.

फार खोलवरून, फार बारीक. त्यानं श्वास धरून मोजले.

सहा.

खाणीत अडकलेल्या माणसानं पाच ठोके द्यायचे, थांबायचं, वरून उत्तर येतं का ते ऐकायचं, आणि पुन्हा पाच. नवा गडी आला की पहिल्या दिवशी हे शिकवतात. सव्वीस वर्षांत त्यानं कुणाला पाचाचे सहा करताना ऐकलं नव्हतं.

सारजाबाईला त्यानं एकदा परातीवर वाजवून शिकवलं होतं. ती दर वेळी एक ठोका जास्त द्यायची. तो रागवायचा, तर म्हणायची, "आन् एखादा न्हाई ऐकू आला तर तुमाला?"

खोलीत शांतता होती.

मग पुन्हा सहा.