मोकळा शेंडा

हे मी रचलेलं नाही. नाटक करायची ती माझी धाकटी बहीण, नीलम्मा. मी फक्त तिनं आणि तिच्या वर्गातल्यांनी सांगितलं ते सांगते. सगळ्यांनी एकच सांगितलं.

गेल्या दिवाळीनंतरचा सोमवार. दिवेलागणीची वेळ. सोलापूरच्या भवानी पेठेत खाली यंत्रमाग आणि वर एक लांबट खोली आहे. तिथं प्रदीपसरांचा नाटकाचा वर्ग भरतो. मोजकीच माणसं.

नीलम्माला तिथं ओढून नेलं तिच्या लेकीनं, सोनालीनं. "आई, घरात सगळ्यांच्या नकला करतीस, तितं कर की!"

पहिलं वर्ष मायलेकींनी हसत काढलं.

उन्हाळ्यात सोनालीला ताप आला. दवाखान्यात काचेच्या आत ठेवली. लांबसडक केसांच्या जटा झाल्या. नीलम्मा रोज नर्सला विनवायची, "एवढी वेणी घालून जाते की."

आत सोडलं नाही.

सोनाली तशीच गेली.

दुसऱ्या वर्षाला नीलम्मा एकटी आली. घर खायला उठायचं.

पहिल्या वर्षी बोलायला शिकवतात. दुसऱ्या वर्षी नसलेली वस्तू हातात धरायला. भरलेली घागर, तापलेला तवा... बघणाऱ्याला वजन कळलं पाहिजे, चटका बसला पाहिजे. सरांचा नियम कडक. हवेतून घेतलेलं हवेतच ठेवून उठायचं. आणि त्यात खरी वस्तू मिसळायची नाही.

त्या सोमवारी नीलम्माची पाळी. ती सतरंजीवर बसली. पुढ्यात कुणाला तरी पाठमोरं बसवावं तसे गुडघे बाजूला घेतले. नसलेला कंगवा उचलला.

सरांना कळलं. त्यांच्याच्यानं थांबववेना.

तेवढ्यात वीज गेली. खिडकीतला संध्याकाळचा उजेड तेवढा उरला. खालचे माग एकदम गप्प.

आणि त्या शांततेत...

कर्र... कर्र...

गुंत्यात अडकणारा कंगवा.

मग खोबरेल तेलाचा वास आला.

मग...

"आई गं... हळू की!"

वर्गातल्या कुणीच तोंड उघडलं नव्हतं.

नीलम्मा हसली. "गप बस. शेळीगत लई हलतीस."

सर पुढं आले. "मावशी... ठेवा आता. खाली ठेवा."

"थांबा की सर. शेंडा ऱ्हायलाय. बांधायला काय न्हाई."

समोर धम्मप्रिया बसली होती. बँकेत नोकरी करणारी, वर्गातली नीलम्माची जोडीदार. तिला रडू आवरेना. तिनं आपल्या केसांतला लाल रबर काढला आणि पुढं केला.

खरा रबर.

नीलम्मानं तो हवेत वळवून वळवून बसवला. हात सोडले.

रबर खाली पडला नाही.

बसलेल्या मुलीच्या कमरेपाशी तसाच राहिला... मग सावकाश वर गेला, उभ्या मुलीच्या कमरेइतका. आणि चालताना शेपटा हलतो तसा झुलत झुलत दाराकडे निघाला.

"सोने!" नीलम्मा ओरडली. "मागं बघ की!"

जिन्यावर पावलं वाजली नाहीत.

वीज आली. माग धडधडू लागले. सगळ्यांनी खोली शोधली, जिना झाडला. रबर मिळाला नाही.

लोक म्हणाले, बरं झालं, पोर सुटली.

नीलम्मा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "अक्का, बांधली म्हणून गेली गं. शेंडा मोकळा ठिवला असता, तर बसली असती."

वर्ग तिनं सोडला.

आता ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येते. माझे पांढरे केस विंचरते, वेणी घालते. शेंडा मात्र बांधत नाही. नुसता मुठीत धरून बसते. मीही कधी रबर पुढं करत नाही.

मी उठू लागले की ती हळूच विचारते, "निघालीस, सोने?"

तेव्हा खोलीत खोबरेल तेलाचा वास येतो... मी तर केसांना तेल लावत नाही.

मागं वळून बघायचं धाडस होत नाही.

मी पुन्हा खाली बसते.